सहावं अक्षर

पायरोग्लुटामेट, हिस्टिडीन, ट्रिप्टोफॅन, सेरीन, टायरोसीन, ग्लायसीन, ल्युसीन, अर्जिनीन, प्रोलीन, ग्लायसीन.

ही दहा नावं सावकाश, मोठ्यानं वाचून बघावीत. मला ती गेली तीन वर्षं पाठ आहेत. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे अमिनो आम्लांच्या साखळ्या फळ्यावर काढणं रोजचंच. पण एखादी साखळी ओवीच्या चरणासारखी पुन्हापुन्हा म्हणावी, तिचा भार कुठल्या अक्षरावर आहे ते चाचपून बघावं, असं पूर्वी कधी झालं नव्हतं. ते माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, आजारानं झालं. प्रोस्टेटचा कर्करोग कळला तेव्हा तो त्यांच्या मणक्यात आणि खुब्याच्या हाडांत पोचलेला होता. कंबर धरली म्हणून ते वर्षभर तेल चोळत होते. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या इंजेक्शनचं नाव गोसेरेलिन. घरी येऊन त्याची रचना शोधली, आणि लक्षात आलं की हे औषध म्हणजे याच दहा अक्षरी ओळीचा एक पाठभेद आहे.

मूळ ओळ प्रत्येकाच्या शरीरात असते. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे, तिथल्या जेमतेम हजारभर चेतापेशी ती तयार करतात. (गर्भात या पेशी नाकाच्या जागी जन्मतात आणि तिथून वाट काढत मेंदूत जातात. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले होते.) तिथून ती बारीक रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून खाली पिट्युटरी ग्रंथीपर्यंत उतरते. पिट्युटरी ती ऐकते आणि एलएच नावाचं संप्रेरक रक्तात सोडते. एलएच वृषणांना कामाला लावतं, वृषणं टेस्टोस्टेरॉन बनवतात, आणि टेस्टोस्टेरॉनवर प्रोस्टेटच्या पेशी पोसतात, चांगल्या पोसतात तशाच बिघडलेल्याही.

या शेवटच्या दुव्यावर शिकागो विद्यापीठात चार्ल्स हगिन्स यांनी बोट ठेवलं, १९४१ साली. रोग बराच पुढे गेलेल्या २१ रुग्णांची वृषणं त्यांनी शस्त्रक्रियेनं काढली, आणि बहुतेकांची दुखणी उतरली. क्लॅरेन्स हॉजेस या तरुण सहकाऱ्याबरोबर ते रक्तातल्या फॉस्फटेज नावाच्या विकरांची मोजणी करत होते. वृषणं काढली की आकडा खाली येई, बाहेरून संप्रेरक टोचलं की वर जाई. शरीरभर पसरलेला कर्करोगसुद्धा शरीराच्याच एका रसावर जगत असतो, तो रस तोडला तर कर्करोग मागे हटतो, हे माणसात पहिल्यांदा एवढं स्पष्ट दिसलं. आज अण्णांच्या हातात पीएसए या रक्ततपासणीचा कागद असतो, त्या कागदाचा आजा म्हणजे हगिन्स यांची ती मोजणी. नोबेल त्यांना मिळालं २५ वर्षांनी, १९६६ मध्ये. मधल्या काळात शस्त्रक्रियेला पर्याय म्हणून स्टिलबेस्ट्रॉल हे कृत्रिम स्त्री-संप्रेरक गोळीतून दिलं जाई. टेस्टोस्टेरॉन त्यानंही उतरे. पण रक्ताच्या गुठळ्या होत, हृदयावर बेते, छाती सुजे. म्हणजे हातात एक सुरी होती आणि एक घातक गोळी. पण साखळीच्या पहिल्या दुव्यावरची ती ओळ तोवर कुणी वाचलेलीच नव्हती.

ती वाचणं किती अवघड होतं, ते ओळीच्या पहिल्याच अक्षरात दडलेलं आहे. अशा साखळ्या वाचायची रूढ पद्धत म्हणजे मोकळ्या टोकापासून एकेक अक्षर सोडवत जायचं, विणलेल्या स्वेटरचा धागा उसवावा तसं. पण पायरोग्लुटामेटनं स्वतःभोवतीच वळसा घालून कडं केलेलं असतं. मोकळं टोक नाहीच. दुसऱ्या बाजूला पाहावं, तर शेवटच्या ग्लायसीनला अमाइडची गाठ. दोन्हीकडून मुरड घातलेल्या करंजीसारखी ही ओळ आहे. उसवायला धागा हाती लागत नाही. न्यू ऑर्लीन्समध्ये अँड्र्यू शॅली यांच्या प्रयोगशाळेत तिच्यासाठी दीड लाखांहून अधिक डुकरांच्या मेंदूतले हायपोथॅलॅमस लागले, आणि शुद्ध होऊन हाती आला तो पदार्थ चिमूटभरही नव्हता. मात्सुओ, बाबा, नायर, अरिमुरा आणि शॅली या पाच जणांनी मिळून १९७१ मध्ये अक्षरांचा क्रम छापला. त्यांचे प्रतिस्पर्धी रॉजर गिलेमिन यांनी मेंढ्यांच्या मेंदूतून तेच काम केलं. दोघांच्या हाती लागलेली ओळ अक्षरशः एकच होती. डुकराची, मेंढीची आणि माणसाचीही तीच. कोट्यवधी वर्षं तोंडी चालत आलेल्या पाठात एकही अक्षर ढळू नये, तसं. १९७७ च्या नोबेलमध्ये दोघांचा वाटा आहे.

दोन्ही टोकं इतकी पक्की बांधलेली असूनही ही ओळ रक्तात काही मिनिटंच टिकते. तिला मधून कापतात. शरीरातल्या विकरांची कात्री नेमकी दोन ठिकाणी चालते, सहाव्या अक्षराच्या आजूबाजूला आणि नवव्या-दहाव्याच्या सांध्यात. सहाव्यापाशीच का? कारण ओळ सरळ ताठ नसते. ती मधोमध वाकते, दोन्ही टोकं एकमेकांजवळ येतात, आणि या घोड्याच्या नालेसारख्या आकारातच पिट्युटरीच्या पेशींवरच्या ग्राहकात (रिसेप्टरमध्ये) ती बसते. वाकण्याची बिजागरी म्हणजे सहावं अक्षर, ग्लायसीन. आणि ग्लायसीनचं एक वेगळेपण माझे विद्यार्थीसुद्धा सांगतील. प्रथिनांत येणारी बाकी सगळी अमिनो आम्लं डावी असतात. आरशात धरली तर त्यांची उजवी प्रतिमा मूळ रूपावर बसत नाही, डावा हातमोजा उजव्या हातात जात नाही तसं. ग्लायसीन तेवढं ना डावं ना उजवं. अंगावर काहीच नसल्यामुळे ते हवं तसं लवतं.

रसायनज्ञांनी बोट ठेवलं ते याच जागी. सहाव्या ग्लायसीनला उठवून त्यांनी तिथे आरशातलं, उजवं अमिनो आम्ल बसवलं. त्या एका बदलानं दोन गोष्टी साधल्या. उजवं अक्षर तिथे आलं की ओळ आपसूकच हव्या त्या वळणात वाकून बसते, म्हणजे ग्राहकाला ती अधिकच आवडते. आणि कात्रीला उजवं अक्षर ओळखूच येत नाही. तिचा जन्म डाव्या अक्षरांतच गेलेला. ट्रिप्टोरेलिनमध्ये सहावं अक्षर उजवं ट्रिप्टोफॅन आहे, ल्युप्रोलाइडमध्ये उजवं ल्युसीन. अण्णांच्या गोसेरेलिनमध्ये उजवं सेरीन, वर कार्बनच्या चार अणूंचा फुगीर गट चढवलेलं. दुसरा जोखमीचा सांधाही मोकळा सोडलेला नाही. ल्युप्रोलाइडमध्ये दहावं अक्षर काढूनच टाकलंय आणि तिथे आखूड शेपटी जोडलीय, तर गोसेरेलिनमध्ये दहाव्या ग्लायसीनचा एक कार्बन जाऊन नायट्रोजन आलाय. बाकी ओळीला हात लावलेला नाही. चांगला संपादक लिहिणाऱ्याच्या वाक्यात जेवढं लागेल तेवढंच खोडतो. या दोन खोडण्यांकडे पाहताना मला तसा संपादक दिसतो.

आता इथे मी पहिल्यांदा अडखळले. पिट्युटरीला जागं करणारी ओळ. ती अधिक टिकाऊ केली, अधिक जोरकस केली. मग टेस्टोस्टेरॉन वाढायला हवं. कर्करोगाला खाऊ घालायचंय की उपाशी ठेवायचंय? हाच प्रश्न त्या काळच्या शास्त्रज्ञांनाही पडला होता, कारण हे रेणू घडवले गेले ते मूल होत नसलेल्यांना उपयोग होईल या आशेनं. प्राण्यांना काही दिवस सतत दिले, तर उलटंच होऊ लागलं.

उलगडा झाला तो पिट्सबर्गला, अर्न्स्ट नोबिल यांच्या माकडांवरच्या प्रयोगांत. ज्यांच्या हायपोथॅलॅमसची ही ओळ बंद केली होती, अशा रीसस माकडांना त्यांनी ती बाहेरून दिली. तासातून एकदा, सहा मिनिटं दिली, की पिट्युटरी पुन्हा कामाला लागे. तीच ओळ अखंड, न थांबता दिली, की एलएच कोसळे. परत तासाच्या ठोक्यावर आणली, की पुन्हा सुरू. १९७८ मध्ये हे छापून आलं. ओळीतलं एकही अक्षर न बदलता अर्थ पालटला होता, केवळ लयीमुळे. निरोगी पुरुषाच्या शरीरात हा ठोका साधारण दीड-दोन तासांनी पडतो. पिट्युटरी ठोका ऐकते असं आपण म्हणतो. खरं तर तिला ठोक्यानंतरची शांतता लागते. त्या रिकाम्या वेळात तिचे ग्राहक पुन्हा पृष्ठभागावर येतात, साठा भरतो, कान मोकळे होतात. शांतताच मिळाली नाही तर ग्राहक आत ओढले जातात, उरलेल्यांचा निरोप पुढे जात नाही. पिठाच्या गिरणीला लागून घर असलेल्या माणसाला गिरणी ऐकू येत नाही, तशी ती बहिरी होते.

मला या औषधाचं सौंदर्य इथे दिसतं. ते मारत नाही, जाळत नाही, ग्राहकाच्या तोंडात बोळा कोंबत नाही. शरीराचाच शब्द ते शरीराला ऐकवतं. फक्त मधला विराम काढून घेतं. १९८२ मध्ये शॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रगत प्रोस्टेट कर्करोगाच्या रुग्णांमध्ये हे घडताना दाखवलं, आणि त्या दशकाच्या अखेरीस सुरीला खरा पर्याय उभा राहिला.

विराम काढून घ्यायची कारागिरीही बघण्यासारखी आहे. पहिल्या इंजेक्शनच्या दिवशी सिस्टरनं सिरिंज खिडकीतल्या उजेडाकडे धरली आणि मला आतला दाणा दाखवला. पांढरट, तांदळाच्या कणीएवढा. अण्णा टेबलावर सदरा वर करून पडले होते.

"एवढासाच?" त्यांनी विचारलं.

"एवढासाच, आजोबा. सुई मात्र जाड आहे, श्वास घ्या."

बेंबीच्या खाली, कातडीच्या आत दाणा सोडला, वर कापसाचा बोळा, संपलं. दाण्यात औषध असतं ३.६ मिलिग्रॅम. बाकी सगळा लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांचा बहुवारिक, विरघळणारे टाके ज्या जातीच्या धाग्याचे असतात त्याच जातीचा. तो २८ दिवस झिजत राहतो आणि ओळ पाझरत राहते, दिवसरात्र, एकही मात्रा न सोडता. मोठ्या दाण्यात १०.८ मिलिग्रॅम असतं, ते १२ आठवडे पुरतं.

पण आधी गोळ्या होत्या. अण्णांना ते पटत नव्हतं. "इंजेक्शन द्यायचंय तर द्या की. गोळ्या कशाला आणखी?"

डॉक्टर समजावून बोलणारे होते. "अण्णा, हे औषध सुरुवातीला उलटं चालतं. पहिला आठवडाभर टेस्टोस्टेरॉन वाढतं, मग उतरतं. तुमच्या मणक्यात गाठी आहेत. त्या तेवढ्या दिवसांतही फुगायला नकोत. म्हणून गोळ्या."

ओळ वाचलेली असल्यामुळे मला ते लगेच कळलं. बहिरं होण्याआधी पिट्युटरी दचकून उठणारच. साठवलेलं सगळं एलएच बाहेर फेकणारच. मणक्यातली गाठ त्या दिवसांत फुगली, मज्जारज्जूवर दाब आला, तर पाय जाऊ शकतात. बायकॅल्युटामाइडच्या गोळ्या टेस्टोस्टेरॉनला पेशीच्या आत, त्याच्या ग्राहकापाशी अडवतात, तो पूर ओसरेपर्यंत. तीन-चार आठवड्यांत टेस्टोस्टेरॉन डेसिलिटरमागे ५० नॅनोग्रॅमच्या खाली येतं, बहुतेकदा २० च्याही खाली. निरोगी पुरुषात ते ३०० ते १,००० च्या दरम्यान असतं.

हा पूर टाळणारे पाठभेदही पुढे निघाले, आणि तेही अक्षरं बदलूनच. ग्राहकाला बोलतं करायचं काम ओळीची पहिली तीन अक्षरं करतात. ती तिन्ही बदलली की शब्द ग्राहकात बसतो, पण अर्थ पोचत नाही. तोंड बंद, पहिल्या दिवसापासून. ऐकायला सोपं. प्रत्यक्षात असे रेणू अंगावर पित्त उठवत, हिस्टामिन सोडत, म्हणून त्यांना फार वर्षं लागली. डेगारेलिक्स २००८ मध्ये अमेरिकेत मान्य झालं, आणि या ओळीचा पाठभेद नसलेली, पण तोच ग्राहक अडवणारी रेलुगोलिक्स ही तोंडावाटे घ्यायची गोळी २०२० मध्ये. गरजेच्या रुग्णाला ती मोलाची आहेत. वाचक म्हणून मात्र माझं मन जुन्याच पाठभेदावर जडलेलं आहे.

आता त्याची किंमत. रसग्रहण करायचं तर ओळ जिथे टोचते तिथेही थांबलं पाहिजे.

डॉक्टरांनी पहिल्या भेटीत दोन पर्याय ठेवले होते. एकदाच ऑपरेशन, किंवा कायम इंजेक्शन. परिणाम सारखाच. आपल्याकडे पुष्कळ घरं ऑपरेशन निवडतात, कारण ते स्वस्त पडतं आणि पुन्हा पुन्हा यावं लागत नाही. त्यात कमीपणा काहीच नाही. अण्णा शेतकरी. त्यांनी जन्मभर खोंड जनावरांच्या दवाखान्यात नेले, चिमटा लावून खच्ची करून आणले, नांगराला जुंपले. ते काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे बघून खाली बघू लागले. मुलीनं बापाशी या विषयावर बोलायचं नसतं, आणि बापानं मुलीशी तर नाहीच. मीच म्हणाले, "इंजेक्शन द्या."

वर्तमानपत्रांत या उपचाराला सर्रास 'रासायनिक खच्चीकरण' म्हणतात, तेही बहुधा शिक्षेच्या बातम्यांत. आपल्या भाषेत खच्ची होणं म्हणजे हिंमत जाणं. मणक्यात गाठी घेऊन जगायला निघालेल्या माणसाच्या कपाळावर हा शब्द मारू नये. 'संप्रेरक-रोध' म्हणा, 'हार्मोनचं इंजेक्शन' म्हणा, दवाखान्यातल्या बाकांवर सगळे तेच म्हणतात.

शब्द बदलला तरी जे होतं ते होतंच. पहिल्या जानेवारीत, हुडहुडी भरवणाऱ्या थंडीत, रात्री दोनला अण्णा उठून पंख्याखाली बसायचे. मानेपासून वर आग चढायची, घामानं सदरा भिजायचा, आणि दहा मिनिटांत थंडी वाजायची. आई उठून ओला टॉवेल द्यायची. एकदा ती म्हणाली, "अहो, माझं हे झालं तेव्हा तुम्ही घोरत होता." अंधारात दोघं हसल्याचं मला ऐकू आलं. रजोनिवृत्तीत आईनं जे एकटीनं सोसलं होतं, ते सत्तरी उलटल्यावर अण्णांच्या वाट्याला आलं. दंडांचं मांस उतरलं, पोट सुटलं. हाडं ठिसूळ होतात म्हणून कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सुरू झालं, साखरेवर लक्ष ठेवावं लागलं. दुपारी अंगणात बसलेले असले की कधी कधी कारण नसताना डोळे भरून येत. डॉक्टरांनी चालायला आणि वजन उचलायला सांगितलं. अण्णा पाण्याच्या दोन कळशा घेऊन बांधावरून चालू लागले. यातलं काही पाकिटातल्या माहितीपत्रकात असतं. पण माणसासमोर बसून आधी सांगितलं तर त्याला रात्री दोनला आपलं काय होतंय ते कळतं, असं मला फार वाटतं.

आणि ही ओळ कायमची पुरत नाही. काही वर्षांनी बहुतेकांत कर्करोग वाट शोधतो. वृषणं गप्प झाली तरी मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी थोडं पुरुष-संप्रेरक बनवत असतात, आणि गाठीतल्या पेशी स्वतःही बनवू लागतात. शिवाय त्यांचे ग्राहक इतके वाढतात की कुजबुजही त्यांना हाक वाटते. तिथे मग २०११ मध्ये आलेलं अबिराटेरोन लागतं, जे संप्रेरक घडवण्याची पायरीच तोडतं, किंवा २०१२ मधलं एन्झालुटामाइड. आता अशी औषधं रोग हाताबाहेर जायची वाट न बघता आरंभीच जोडतात. पण ती जोडली तरी खालचं इंजेक्शन थांबत नाही. तानपुरा चालूच राहतो.

अण्णांचा तीन आकडी पीएसए चार महिन्यांत दशांशावर आला. कंबर सुटली. ते बांधावर जाऊ लागले, तेव्हा एक दिवस मी त्यांच्यासमोर दहा चिंचोके ओळीनं मांडले. पहिल्याला आणि दहाव्याला दोऱ्याची गाठ मारली. मधोमध वाकवून नाल केली. सहावा चिंचोका उचलला आणि तिथे कवडी ठेवली. त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली, काही विचारलं नाही, आणि चिंचोके डबीत भरून फडताळात ठेवून दिले.

परवा दारात चपला दिसल्या. पलीकडच्या आळीतले एक तात्या आले होते, मोठा लिफाफा मांडीवर घेऊन खाली मान घालून बसलेले. त्यांच्या लेकानं त्यांना आमच्याकडे पाठवलं होतं. मी चहा ठेवायला आत वळले, तर मागून डबी उघडल्याचा आवाज आला.

"हे बघ तात्या," अण्णा म्हणत होते, "ही दहा आहेत. मोज. आता ह्यातलं सहावं धर."